सासूचं काम

५ नोव्हेंबर २०२४

ललितच्या शेटने दिवाळीला मिठाईच्या डब्याबरोबर ही डायरी दिली. वर लक्ष्मी, खाली पेढीचं नाव. ललित म्हणाला, "तू घे, मला काय करायचीय." मला तरी काय करायचीय, पण कोरं पान दिसलं की माझा हात शिवशिवतो. सातवीपर्यंत वर्गात माझं अक्षर पहिलं होतं. सासरी आल्यावर ते अक्षर डब्यांवर राहिलं. हळद, जिरं, मेथी.

आधी ओळख करून द्यावी म्हणतात. मी उषाबाई. नवरा हिलाल इथे सुरतेला कापडाच्या लूमवर होता. तो गेला आणि त्या वर्षापासून बमरोलीच्या या खोलीत मी आणि ललित. ललित रिंगरोडला साडीच्या पेढीत कॉम्प्युटरवर बसतो. सकाळी जातो, संध्याकाळी येतो, आला की मोबाइलवर बसतो. घरात सून नाही, तरी मी सासू आहे, कारण यूट्यूबवरच्या अहिराणी कॉमेडीत मी सासूचं काम करते. सुनेला छळायचं, झाडू घेऊन मागे धावायचं आणि शेवटी स्वतःच तोंडावर पडायचं. धुळे-नंदुरबारकडचे लोक मला चेहऱ्याने ओळखतात, नावाने कुणीच नाही. पांडेसऱ्याचा भाजीवाला तर ओरडूनच सांगतो, "झाडूवाली जिजी आली, वाट सोडा."

मला ते आवडतं. खोटं कशाला लिहू?

१० नोव्हेंबर

आज कामरेजच्या पुढे शूटिंग होतं. तिथलं एक शेत आमचं खानदेश आहे. संदीप म्हणजे आमचा डायरेक्टर, पूर्वी लग्नाचे व्हिडिओ काढायचा. तो कॅमेऱ्यात पाहून आधी एकच गोष्ट तपासतो, मागे ऊस दिसतोय का. आपल्याकडे कापूस आणि केळी, ऊस दिसला की लोक खाली कमेंटमध्ये लिहितात, हे बारडोली आहे, आम्हाला येडं समजता का.

लिहिलेले डायलॉग आमच्याकडे नसतात. संदीप नुसती सिच्युएशन सांगतो, "मावशी, वहूनी चहामा साखर कमी टाकी. करा सुरू." की मी सुरू. आज माझ्या तोंडून निघालं, "तुन्या मायनी तुले हात काय फक्त बांगड्या भराले दिनात का वो?" कॅमेरा धरणारा पोरगाच हसला आणि टेक वाया गेला. दुसऱ्यांदा तेच वाक्य म्हटलं तर त्यात मजा नव्हती. शिळं झालं होतं.

सीन झाला की मी झाडू कपाळाला लावते. लक्ष्मी आहे ती, तिने मारल्याचं सोंग केलं तरी पाप. मग सुनेचं काम करणाऱ्या पोरीच्या हातावर गुळाचा खडा ठेवते. इतक्या सुना झाल्या माझ्या, एकीनेही गूळ नाकारला नाही.

जेवताना संदीपने मोठी गोष्ट सांगितली. तो पूर्ण सिनेमा काढतोय, थेटरात लागणारा. हिरोची आई मी. "मावशी, यामा झाडू नही," तो म्हणाला. "यामा तुम्ही लोकेस्ले रडावतीन." मी भाकरीचा तुकडा तोंडात तसाच धरून बसले. आठ वर्षं लोकांना हसवलं. मला रडवता येतं हे मला ठाऊक होतं, पण दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल असं वाटलं नव्हतं.

ललितला सांगितलं. "अच्छा है," म्हणाला. आनंद झाला की हा पोरगा हिंदीत बोलतो. रागातही हिंदीतच बोलतो म्हणा.

१७ नोव्हेंबर

आज मी स्टिकर झाले! व्हॉट्सअ‍ॅपवर माझं तोंड, हातात झाडू आणि खाली लिहिलेलं, "चूप बठ!" शेजारच्या प्रज्ञाने दाखवलं. तिच्या कॉलेजात सगळ्यांकडे आहे. मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी.

ललित आल्यावर त्यालाही दाखवलं. त्याने पाहिलंच नाही नीट. "ऑफिसच्या ग्रुपवर आहे ते," म्हणाला. म्हटलं, "मंग? तठलेबी आवडनं का?" तो म्हणाला, "हां आई, खूप आवडलं. रोज पाठवतात." आणि न जेवता खाली निघून गेला. गुजराती लोकांनाही आपली कॉमेडी आवडायला लागली, ही काही लहान गोष्ट नाही. संदीपला सांगायला हवं.

१ डिसेंबर

बारडोलीला मुलगी पाहून आलो. नाव उज्ज्वला. वडील सुकलालभाऊ साखर कारखान्यात आहेत, मूळचे आपल्या शिंदखेड्याकडचे. मुलगी बँकेत आहे, उंच, मोठ्याने हसणारी. मला मोठ्याने हसणारी माणसं बरी वाटतात, आतल्या आत हसणाऱ्यांची भीती वाटते.

निघण्याआधी ललितने बजावलं होतं, तिथे शूटिंगचा विषय काढायचा नाही. म्हटलं बरोबर आहे, पहिल्याच दिवशी आपलीच टिमकी कशाला वाजवायची?

पण मुलीची आजी माझ्याकडेच बघत बसली. पोहे आले, चहा आला, तिची नजर हलेना. शेवटी म्हणाली, "तुमले मी कोठे तरी देखेल शे, बाई." मी तोंड उघडणार तेवढ्यात ललितच बोलला, "समाजाच्या लग्नात पाहिलं असेल, आजी." मग आजी आणि उज्ज्वला एकमेकींच्या कानाला लागल्या. मी मान खाली घालून पोहे खाल्ले. आठ वर्षं सुनांना घाबरवलं, आज एका होणाऱ्या सुनेला मीच घाबरले.

४ डिसेंबर

होकार आला. पण.

ललित जेवता जेवता म्हणाला, "आई, त्यांची एक अडचण आहे." नजर मोबाइलवर. "ते म्हणतात, तुमची आई व्हिडिओत जे करते, ते पाहून मुलगी द्यायला भीती वाटते. लोक बोलतील." मी म्हटलं, "मी त्यासनासंगे बोलू का? सोंग शे रे ते." तो एकदम म्हणाला, "नको, नको. तू काही बोलायचं नाहीस. वाईट दिसतं ते." मग आवाज उतरवून म्हणाला, "फक्त बंद कर. सिनेमा पण. माझ्यासाठी."

माझ्यासाठी. दहावीनंतर त्याने माझ्याकडे काही मागितलेलंच नाही. मागितलं तर हे.

६ डिसेंबर

दिवसभर घरात. समोरच्या शेडमधले लूम चालू असतात तेव्हा ऐकू येत नाहीत, बंद पडले की ऐकू येतात. आज दुपारी लाइट गेली आणि एकदम इतकं शांत झालं की मी उठून दार उघडून बसले.

विचार केला. मुलीकडच्यांचं चुकतं कुठे? मी स्वतः एखाद्या घरी मुलगी द्यायला गेले असते आणि तिथे माझ्यासारखी झाडूवाली बसलेली दिसली असती तर? मी पण म्हटलं असतं, जरा चौकशी करू. माझंच काम इतकं चांगलं झालं की लोकांना खरं वाटलं. यात रडावं की मिरवावं?

पण ती आईची भूमिका. संदीपने गोष्ट सांगितल्यापासून मी तिच्याबरोबरच राहतेय. ती भाकरी कशी थापेल, कशी उठेल, गुडघ्यावर हात ठेवून की भिंत धरून. आता ते सगळं कुठे ठेवू? रागही येतो. कुणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून भांड्यांवर काढते. आज पातेल्याला पोचा आला.

८ डिसेंबर

संदीपला नाही म्हणून सांगितलं. तो चिडला, मग मला समजावू लागला. विचारलं, "ललितनी सांगं का?" मी म्हटलं, "नही भो, पोरीकडलास्नी." तो म्हणाला, "तुम्ही इचारं का त्यासले?" म्हटलं, व्याह्यांना असं कुणी विचारतं का. त्याचं लग्न झालेलं नाही, त्याला काय कळणार.

ललितने आज येताना माझ्यासाठी मिठाईवाल्याकडची घारी आणली. मी साखर बंद केली आहे हे तो विसरला. खाल्ली.

१४ जानेवारी २०२५

उत्तरायण. सगळी चाळ पतंग घेऊन गच्चीवर, "काप्यो छे, काप्यो छे" चाललंय. ललित मित्रांकडे अडाजणला गेला. प्रज्ञा बोलवायला आली होती, म्हटलं पाय दुखतात. पाय दुखत नाहीत. गच्चीवर गेले की सगळ्या बाया विचारतात, "नवा व्हिडिओ कवय येस, जिजी?" सांगून सांगून कंटाळले.

सिनेमाचं शूटिंग सुरू झालं म्हणे. आईच्या कामाला कलाबाई म्हणून कुणी घेतली, नवसारीची. नाटकात काम केलेलं आहे, दिसते छान, केस पांढरेशुभ्र. फोटो पाहिला. माझंच लुगडं नेसली आहे, संदीपकडे राहिलं होतं ते. तिला तांबडा काठ शोभत नाही. हे मी मत्सराने लिहितेय, पण काठ खरंच शोभत नाही.

उंधियूच्या भाजीसाठी पापडी निवडत बसले. कुणासाठी करायचा होता कोण जाणे, ललित जेवूनच आला.

२५ जानेवारी

बस्ता झाला. साड्या चांगल्या मिळाल्या. डोकं दुखतंय, झोपते.

२७ जानेवारी

परवाचं लिहायचं राहिलं. राहिलं नाही, लिहवलं नाही.

लग्नाच्या कपड्यांची खरेदी दोन्ही घरच्यांनी एकत्र बसून करायची, तो बस्ता. खानदेशातून गाड्या भरभरून लोक बस्त्यासाठी सुरतेला येतात, आम्ही तर इथलेच. ललितच्या शेटनेच गादीवर बसवलं. सुकलालभाऊ, आजी, उज्ज्वला, तिच्या मावश्या, पांढऱ्या चादरीवर सगळे मांडी घालून. थप्पीवर थप्पी उघडत होती. ललितला त्या दुकानात नको होतं, वराछाला जाऊ म्हणत होता. सुकलालभाऊंनीच हट्ट धरला, जावयाची पेढी सोडून दुसरीकडे का जायचं?

साड्या दाखवणाऱ्या पोरांपैकी एकजण माझ्याकडे बघून दुसऱ्याला म्हणाला, "अरे, आ तो पेली झाडूवाळी सासु छे!" आणि हवेत झाडू फिरवला. दोघं तोंड दाबून हसले. ललितचे कान तांबडे झाले. तो पाणी सांगायला म्हणून उठला आणि बाहेर गेला. पाणी समोरच ठेवलेलं होतं.

मला वाटलं, झालं, आता ही माणसं लग्न मोडतात. आजीने माझा हात धरला. म्हणाली, "का वो याहीनबाई, तुम्ही काम काबर सोडी दिनं? आम्ही बठा गावले सांगी ठेयेल शे, आमनी याहीन पिच्चरमा शे!"

 उज्ज्वला पुढे सरकली. "आई, मी तर पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. आमच्या घरी जेवताना तुमचेच व्हिडिओ लागतात. पण ललित फोनवर म्हणाले, आईला तो विषय आवडत नाही, तिच्यासमोर काढू नका. म्हणून आम्ही गप्प होतो हो." सुकलालभाऊ हसून म्हणाले, "बाई, त्या साखरना चहावाला सीन तर मना फोनमा शे."

ललित दारात उभा होता. हातात पाण्याची बाटली, पायात बूट तसेच. त्याने सगळं ऐकलं होतं. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या तोंडावर तेच होतं जे लहानपणी काच फोडल्यावर असायचं.

कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं आणि ते मीच बोलणार होते, दुसऱ्या कुणाला सिच्युएशनच माहीत नव्हती. मी गुडघ्यावर हात आपटला. "काय सांगू माय, आते गुडघा धरी ल्हेस. वहूना मांगे पळनं व्हत नही." सगळी गादी हसली. मी उज्ज्वलाकडे बोट केलं, "म्हनीसन खरी वहू आनी राहिनू, तीच मना मांगे पळी." आणखी हसले. आजीला ठसका लागला. मी तिची पाठ थोपटली, मोरपंखी शालू उघडायला सांगितला, काठ चोळून पाहिला, रंग जाईल का विचारलं. एकदाही आवाज हलला नाही.

रिक्षात ललित माझ्या शेजारी बसला होता. उधन्याचा पूल आला. मग म्हणाला, "आई, शालू चांगला आहे ना?" मी म्हटलं, "चांगला शे."

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं आणि ते मला ऐकावं लागलं असतं. कदाचित बारडोलीच्या लोकांनी आधी तसं म्हटलं असेल, मग मत बदललं असेल. माणसं बदलतात. मी काही वेडी नाही, पण असंही होऊ शकतं.

२३ फेब्रुवारी

लग्न लागलं. बारडोलीकडचे निम्मे पाहुणे माझ्याबरोबर फोटो काढायला रांगेत. एका बाईने तर झाडूच आणला होता. ललितने तिकडे पाठ केली होती, फोटोवाल्याशी बोलत होता. मी झाडू हातात घेतला नाही, नुसतं हसले. हिलाल असता तर वाजंत्रीवाल्यांपुढे नाचला असता.

सून घरात आली तेव्हा तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. सवय.

९ मार्च

ललित-उज्ज्वला कामरेजला राहायला गेले. भाड्याचा फ्लॅट आहे, सातव्या मजल्यावर, बाल्कनी हवेशीर. ललित म्हणतो, पेढीला तिकडून सोपं पडतं. मला वाटत होतं बमरोली जवळ आहे, पण बस तिकडून सरळ मिळत असेल. उज्ज्वला म्हणत होती, आईंनाही नेऊ. ललित म्हणाला, तिला इथे करमतं, सगळ्या ओळखीच्या आहेत.

करमतं. हो म्हटलं मी.

सामान गेल्यावर खोली मोठी झाली. इतकी वर्षं म्हणत होते, जागा पुरत नाही. संध्याकाळी चार भाकरी थापल्या. दोन झाकून ठेवल्या. मग आठवलं.

१३ मार्च

काही नाही. होळीसाठी गोवऱ्या मागायला पोरं आली होती.

१९ मार्च

संदीप आला. चपला बाहेर काढल्या आणि दारातच उभा. शूटिंग संपलं, पण तो पुरता अडकलाय. कलाबाई दिसते उत्तम, रडतेही उत्तम, पण बोलली की गेलं. नवसारीत वाढलेली, अहिराणी तिने पाठ केलेली. शिंदखेड्याच्या थेटरात पहिल्या दोन वाक्यांत लोक शिट्ट्या मारतील. "मावशी, तोंड तिनं राहू द्या. आवाज तुम्ही द्या."

मी म्हटलं, "मी बंद करेल शे."

"तुमनं तोंड कोनलेच दिसाव नही," तो म्हणाला. "कोनी काय म्हनाव नही."

तेही खरं. तोंडच नाही तर अडचण कुणाची? हो म्हटलं. शेवटी नावं येतात त्यात माझं नाव टाकतो म्हणाला. म्हटलं, टाकू नको. त्याने दोनदा विचारलं, मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर काय म्हटलं असतं, माहीत नाही.

२४ मार्च

उधन्याला एका गाळ्यात स्टुडिओ आहे. भिंतींना गाद्या ठोकल्या आहेत, पंखा बंद, कानावर डबडी. समोर टीव्हीवर कलाबाई. ती तोंड उघडेल तेव्हा मी बोलायचं, मिटेल तेव्हा थांबायचं. सोपं वाटलं होतं. मी स्वतःच्या श्वासाने बोलते, तिचा श्वास वेगळा. सकाळ त्यातच गेली. मग मी तिच्या ओठांकडे बघायचं सोडलं, गळ्याकडे बघायला लागले. गळा आधी हलतो. मग जमलं.

बाई काम चांगलं करते. हे आज कबूल करते. काठाबद्दल मात्र मत तेच.

शेवटचा सीन असा. पोरगा शहरात निघून गेलाय. आई सवयीने दोन ताटं वाढते आणि दारात येऊन हाक मारते. संदीपने सांगितलेलं वाक्य एवढंच, "ये रे भाऊ, जेवाले ये." म्हटलं, तर पडद्यावर कलाबाईचे ओठ अजून हलतच होते. तिने शूटिंगला काय म्हटलं होतं कोण जाणे, आवाज घेतलेलाच नव्हता. संदीप म्हणाला, "काहीबी भरा, मावशी. तुमले सुचस ते."

मी भरलं. "ये रे भाऊ, जेवाले ये. मी बठेल शे रे. भाकर थंडी व्हई जाई." ललित लहान असताना लूमच्या शेडामागे खेळायचा. त्या आवाजात ऐकू जावं म्हणून "रे" जरा लांबवावा लागायचा. तसाच लांबवला गेला.

 मशीनवरच्या पोराने डबडी काढून ठेवली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. संदीपने विचारलं, "अजून एकदा करूत का?" मी म्हटलं, "नही. शिळं व्हई."

घरी चालत आले. कुणाला तरी सांगावं असं वाटत होतं. प्रज्ञाचं दार वाजवलं, तर कुलूप.

३० एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. उज्ज्वला माहेरी बारडोलीला गेली, पहिली आखाजी तिची. मी सकाळी हिलालच्या नावाने घागर भरली. त्यावर खरबूज ठेवायचं असतं, मुलाने पाणी वाहायचं असतं. ललितला फोन केला तर म्हणाला, सुट्टी नाही, आई. मीच वाहिलं. हिलाल काही तक्रार करणारा नव्हता. खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या. एकटीसाठी खापर तापवणं म्हणजे वेडेपणा, पण आखाजीला दुसरं काय करणार?

दुपारी संदीपने सिनेमाचा ट्रेलर टाकला. प्रज्ञाने लावून दिला. सगळ्यात शेवटी, पडदा काळा झाल्यावर, नुसती ती हाक आहे. तोंडच नाही, कलाबाईचंही नाही. खाली लोकांनी किती लिहिलंय! "मनी माय आठवनी." "कलाबाईंना सलाम." प्रज्ञा म्हणाली, काकू, हा आवाज... मी म्हटलं, पुरणपोळी घे.

संध्याकाळी दिवेलागणीला ललितचा फोन आला. स्वतःहून. तो फोन करतो तो रविवारी, तोही उज्ज्वलाने लावून दिला तर.

"जेवलीस का?" म्हणाला.

म्हटलं, "आते कोठे जेवन? आते दिवा लायना."

"काय केलंस?" मी सांगितलं.  मग म्हणाला, "आई, तो संदीपचा ट्रेलर पाहिला."  म्हटलं, "कसा शे?"  मग म्हणाला, "ती बाई चांगली आहे."

"हां," मी म्हटलं. "बाई चांगली शे."

पलीकडून आवाज येईना. मला वाटलं फोन कट झाला. "हॅलो, हॅलो" केलं. तो म्हणाला, "आहे मी. तू बोल."

"काय बोलू?"

"काहीही बोल ना, आई. बोलत राहा."

नेटवर्क तपासत असेल. म्हणून मी बोलत राहिले. घागर भरली ते सांगितलं, खरबूज फिकं निघालं ते, समोरच्या शेडमध्ये नवीन मशिनं आली ती आवाजच करत नाहीत ते. मध्येच म्हटलं, "आयकू येस ना रे?" तर म्हणाला, "येतंय. जेवलीस का?" म्हटलं, अरे, आत्ताच विचारलंस. नाक ओढत होता. त्या उघड्या बाल्कनीत बसून सर्दी झाली असणार, ओव्याची पुरचुंडी हुंगायला सांगितलं. तो हो म्हणाला. आणि आज चक्क माझ्याशी आपल्या भाषेत बोलला, "मी येस, आई. आत्तेच निंघस." कामरेजहून इथे यायला किती वेळ लागतो, म्हटलं एवढ्यासाठी कशाला येतोस? बायको माहेरी गेली, स्वयंपाक कोण करणार, दुसरं काय. पोळ्या उरल्याच आहेत.

दोन ताटं घेतली. त्याची वाट बघत हे लिहितेय.

एक मात्र मनाला लागलं. पोटचा पोरगा, आणि त्याला माझा आवाज ओळखू आला नाही. पण बरंच झालं. ओळखला असता तर त्याने फोन केलाच नसता.